बी टॉवरच्या खांबावरचा ठ

इंदूबाईची अक्षरांशी ओळख झाली ती पन्नाशी उलटल्यावर. माहेरी, माल्याला, शाळा घरासमोरच होती. पण पाठीवर चार भावंडं, आई लावणीला नाहीतर मजुरीला, आणि ही थोरली. कडेवर एक आणि बोटाला एक घेऊन ती शाळेच्या कुंपणाशी उभी राहायची. आत पोरं एका सुरात काही म्हणत. काय म्हणत ते तिला पाठ झालं, पण फळ्यावर काय लिहिलंय ते कधी कळलं नाही.

लग्न होऊन ती नांद्याला आली तेव्हा नांद्यात भाताची खाचरं होती. पुढं खाचरं विकली गेली आणि तिथं टॉवर उभे राहिले. इंदूबाईची स्वतःची जमीन कधीच नव्हती, त्यामुळं विकायचं दुःखही नव्हतं. नवरा वारला, मुलगा विकी हिंजवडीच्या एका कंपनीची गाडी चालवायला लागला, आणि इंदूबाई त्या टॉवरांपैकी एका सोसायटीत हाऊसकीपिंगला लागली. तिथं तीन टॉवर होते, ए, बी आणि सी. बी तिच्याकडं होता. सगळे मजले झाडायचे, फरशी पुसायची, जिन्याचे कठडे फडक्यानं घासायचे.

गावच्या शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग सुरू झाला तेव्हा विकी परस्पर तिचं नाव घालून आला.

"आता ह्या वयात पाटी घिऊन बसू व्हय?" ती म्हणाली.

"बस की. बसायला काय पैसं पडत्यात?"

गेली. आशालताबाई म्हणून एक शिक्षिका वर्ग घ्यायच्या. इंदूबाईचा हात जड होता, लिहायला जमायचं नाही; पण वाचायला ती लवकर लागली, आणि एकदा लागली ती थांबेचना. टेम्पोच्या मागचं, खताच्या गोणीवरचं, दुकानाच्या शटरवरचं, दिसेल ते वाचायची. थांब्यावर बस आली की कपाळाला हात लावून, डोळे बारीक करून, "पौ... ड," असं मोठ्यानं म्हणायची. ती बस पौडलाच जाते हे तिला तीस वर्षांपासून ठाऊक होतं. तरी म्हणायची.

बी टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर एका दाराला पितळी पाटी होती. तीन वर्षं ती पाटी इंदूबाईनं फडक्यानं पुसली होती, नक्षी समजून. एका सकाळी पुसता पुसता तिचा हात थांबला. म. म. ता. तिनं पुन्हा वाचलं. ममताच होतं, फक्त अक्षरांच्या डोक्यावर रेघ नव्हती.

तेवढ्यात घरातली बाई दार उघडून बाहेर आली.

"ताई," इंदूबाई म्हणाली, "पाटीवाल्यानं फसवलं बगा तुमाला. वरची रेघच दिली न्हाई."

बाई हसली. "मावशी, हे गुजराती आहे. गुजरातीत रेघ नसतेच."

"मग मला कसं वाचता आलं?"

बाईला लिफ्ट गाठायची होती. "असतं थोडं सारखं," एवढं म्हणून ती गेली.

इंदूबाई बादली तशीच ठेवून पाटीसमोर उभी राहिली. तिचा असा समज होता की मराठी येतं त्याला मराठी वाचता येतं, आणि गुजरात्यांचं गुजरात्यांना. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला चालते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिनं सगळे मजले पुसले, पण फरशीपेक्षा दारंच जास्त बघितली. सहाव्या मजल्यावर बंगाली घर होतं. तिथला एक क तिला क वाटला, एक न न वाटला, आणि बाकीचं धुक्यात गेलं. नवव्या मजल्यावर तेलुगू लोक होते. ती पाटी तिला कडबोळ्यांचं ताट वाटली. तिथं तिनं हात टेकले.

वर्गात तिनं हे सांगितलं तेव्हा आशालताबाई म्हणाल्या, "असेल हो. एकमेकांच्या शेजारची गावं, तशी लिप्याही एकमेकांच्या शेजारच्या." आणि त्यांनी फळ्यावर वजाबाकी मांडली. इंदूबाईचं त्या दिवशी वजाबाकीत काही लक्ष लागलं नाही.

दिवाळीनंतर चौथ्या मजल्यावरच्या साहूंकडं त्यांची आई राहायला आली. साहू ओडिशाचे, नवराबायको दोघं आयटीत. दोघं सकाळी बाहेर पडत, ते दिवेलागणीलाच परत. म्हातारी दिवसभर एकटी. तिला ना मराठी येई, ना हिंदी. ती दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसायची, मांडीवर एक पोथी घेऊन, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघून हसायची. लोक कानात वायरी घालून लिफ्टकडं जात.

इंदूबाई पुसत पुसत तिच्यापर्यंत आली की म्हातारी पाय आवरून घ्यायची. पहिले काही दिवस एवढंच. मग एकदा इंदूबाईची नजर पोथीवर गेली आणि ती फडक्यासकट खाली बसली.

पानावरच्या जवळजवळ प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर गोल पाठीचं काहीतरी होतं. रेघ नव्हती, बाक होता. इंदूबाईला एकदम माल्याच्या खाचरातल्या बायका आठवल्या: पावसात ओणव्या, पाठीवर इरलं, आणि इरल्याखाली माणूस कोण ते ओळखू येत नाही. अक्षरंही तशीच. खाली काहीतरी ओळखीचं असावं, पण इरल्यानं झाकलंय. ती एकेका अक्षराच्या खाली वाकून बघितल्यासारखं बघत राहिली. आणि एका ओळीत तिला एक अक्षर दिसलं, ज्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. नुसता गोल.

तिनं त्यावर बोट ठेवलं. "मावशी, ह्यो ठ हाय का?"

म्हातारीनं बोटाकडं बघितलं, मग इंदूबाईकडं. "ठ," ती म्हणाली. आणि पुन्हा, मोठ्यानं, "ठ!" पुढचं सगळं तिनं बोटानं सरकत वाचून दाखवलं, "ठाकुर," आणि वर, देवाकडं हात केला.

इंदूबाईला ठाकर माहीत होते, डोंगराकडच्या वाडीतले. देवाशी त्यांचा संबंध तिला लागला नाही. पण तिनं ओल्या फडक्याच्या टोकानं फरशीवर आपला ठ काढला: वर रेघ, मध्ये बारकी दांडी, खाली गोल. म्हातारीनं वाकून बघितलं, तळहातानं रेघ आणि दांडी पुसली, आणि उरलेल्या गोलावर बोट टेकून मान हलवली. दोघी हसल्या.

तेव्हापासून दुपारी जेवणाच्या सुट्टीत इंदूबाई डबा घेऊन चौथ्या मजल्यावर जायला लागली. बोलणं फारसं नसायचं. म्हातारी तिला माउसी म्हणायची आणि ती म्हातारीला मावशी, त्यामुळं कोण कुणाची मावशी हे कधी ठरलं नाही. फरशीवर पाण्यानं अक्षरं काढायची, ती वाळायच्या आत एकमेकींची ओळखायची, एवढाच त्यांचा उद्योग. दोघींच्या ग ला पाठ फिरवायची सवय सारखीच निघाली, फक्त एकीच्यानं इरलं घेतलेलं. ध सापडला तेव्हा इंदूबाईनं टाळी वाजवली. दोनचा आकडा तर जसाच्या तसा. क ला मात्र काही केल्या ओळख पटेना. त्यावर म्हातारीनं खांदे उडवले, जणू एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी म्हातारीनं दारासमोरच्या फरशीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं बोटानं चित्रं काढली: लक्ष्मीची पावलं आणि त्यांच्याभोवती भाताच्या लोंब्या. इंदूबाई बौद्ध घरातली. लक्ष्मीशी तिचं देणंघेणं नव्हतं. पण लोंब्या हुबेहूब होत्या, दाण्याच्या वजनानं वाकलेल्या. सुपरवायझर जयसिंग वर आला आणि म्हणाला, "मावशी, मजला सगळा पुसायचा. डाग पडले तर कम्प्लेंट येती."

"पुसते की," इंदूबाई म्हणाली, आणि लोंब्यांच्या कडेकडेनं पुसून पुढं गेली.

जयसिंगनं पाहिलं. तोही भोरकडचा, भातवाल्यांचाच. तो जिना उतरून खाली गेला.

त्याच सुमारास नांद्याच्या विहारात रविवारी जुनी लिपी शिकवायला लागले होते, लेण्यांत कोरलेली असते ती, धम्मलिपी. विकी जायचा. भिंतीवर तक्ता लावला होता. इंदूबाई वंदनेला गेली तेव्हा सवयीनं तक्त्यासमोर उभी राहिली. क म्हणजे बेरजेची खूण, ग म्हणजे नुसतं छप्पर. एकही अक्षर ओळखीचं दिसेना. मग तिसऱ्या ओळीत गोल दिसला.

"ह्यो ठ," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?" विकी चकित झाला. "आये, हे दोन हजार वर्षांपूर्वीचं हाय."

"असंल. पर ठ हाय."

तिनं त्याला पुढं काही सांगितलं नाही. घरी जाताना मात्र ती त्या गोलाचाच विचार करत होती. सगळ्या अक्षरांना काळानं कुणाला रेघ दिली, कुणाला इरलं दिलं. ह्या एकाला कुठं कुठं काहीच दिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ए टॉवरची बाई रजेवर गेली आणि तिचं काम इंदूबाईवर आलं. ए टॉवरचा जिना पुसत ती चौथ्या मजल्यावर पोचली तर साहूंची आई पायरीवर बसलेली. पदर तोंडाशी धरलेला, डोळे लाल. तिन्ही टॉवर एकाच रंगाचे, एकाच घडणीचे. खालच्या प्रवेशदारांवरची ओळखीची खूण म्हणजे वर लिहिलेलं एकेक इंग्रजी अक्षर, आणि ते म्हातारीला वाचता येत नव्हतं. म्हातारी खाली बागेत बसायला गेली होती, परत येताना ए मध्ये शिरली, चौथ्या मजल्यावर आली आणि आपल्या दाराची कडी वाजवली. कुणीतरी परका पोरगा बाहेर आला, काहीतरी इंग्रजीत म्हणाला आणि दार लावून घेतलं.

इंदूबाईनं तिला हाताला धरून बी मध्ये नेलं. दाराशी पोचल्यावर म्हातारीनं एक बोट दाखवलं, मग दुसरं. म्हणजे हे दुसऱ्यांदा झालं होतं. मग ते बोट तिनं ओठांवर ठेवलं आणि आत, मुलाच्या खोलीकडं मान केली. इंदूबाईला भाषांतर लागलं नाही. मुलाला कळलं तर तो खाली जाऊ देणार नाही. आणि बाग एवढीच तिची जागा होती.

"न्हाई सांगत," इंदूबाई म्हणाली आणि तिनंही ओठांवर बोट ठेवलं.

ती रात्रभर काही जागी राहिली नाही. पण सकाळी कामावर येताना तिचं ठरलं होतं. पार्किंगच्या रेघा मारून उरलेला पिवळा रंग तळघरात पडून होता. तिनं एक जुना ब्रश घेतला आणि बी टॉवरच्या दाराशी असलेल्या खांबावर, म्हातारीच्या नजरेच्या उंचीला, ताटाएवढा गोल काढला. मग वर जाऊन तिला खाली आणलं आणि दाखवलं.

म्हातारीनं खांबावर हात ठेवला. "ठ," ती म्हणाली.

"ठ. हितं आपलं घर."

दोन दिवस सगळं बरं चाललं. म्हातारी बागेत जायची, परत येताना खांब शोधायची आणि आत शिरायची. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्या गोलाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: ही खूण कसली? कुणी लिहिलं की त्याच्या बहिणीच्या कॉलनीत घरफोडीच्या आधी अशाच खुणा सापडल्या होत्या. मग ग्रुपला ताप चढला. वॉचमन वाढवा, कुरियरवाल्यांना गेटवरच अडवा, कामवाल्या बायकांच्या पिशव्या तपासा. सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजित यांनी कॅमेऱ्यातलं चित्रण काढायला सांगितलं. त्यात निळ्या गणवेशातली इंदूबाई स्वच्छ दिसत होती, जीभ दातात धरून गोल काढणारी.

तिला ऑफिसात बोलावलं. जयसिंग दाराशी उभा राहिला.

"इंदूबाई, हे तुम्ही काढलंत?" इंद्रजित यांचा आवाज चढलेला नव्हता.

"व्हय."

"काय आहे हे?"

"ठ हाय, साहेब."

इंद्रजितनी फोटो मोठा करून पाहिला. "ठ ला वर रेघ असते, मावशी. दांडी असते."

"त्यांच्यात नसती."

"त्यांच्यात म्हणजे कुणाच्यात?"

इंदूबाईच्या तोंडून निम्मं निसटलं होतं. बाकीचं तिनं गिळलं.

"अवो सांगा की," जयसिंग मागून म्हणाला. "लोक चोर म्हणायला लागलेत. सांगितलं की मिटतंय."

"सांगनार न्हाई म्हणून एकीला कबूल केलंय मी."

इंद्रजितनी फोटो बंद केला. लोकांना उत्तर त्यांना द्यायचं होतं. शेवटी ते म्हणाले, "मग तुमच्या हाऊसकीपिंगच्या एजन्सीला कळवावं लागेल. तोवर तुम्ही येऊ नका." खांबावर पांढरा रंग मारायला त्यांनी माणूस पाठवला.

इंदूबाई घरी येऊन भांडी घासत बसली. विकी चिडला, सोसायटीत जाऊन भांडतो म्हणाला. तिनं त्याला जाऊ दिलं नाही. तिला भीती वाटत होती, पण पश्चात्ताप होत नव्हता. या दोन गोष्टी एका वेळी पोटात राहू शकतात याचं तिला थोडं नवल वाटलं.

पुढं काय झालं ते तिला जयसिंगकडून कळलं. त्या संध्याकाळी साहूंनी घरी जेवताना ग्रुपवरचा फोटो बायकोला दाखवला, आणि मग आईला, गंमत म्हणून: बघ, चोरांची खूण. आईनं फोन हातात घेतला, लांब धरला आणि शांतपणे म्हणाली की ही चोरांची खूण नाही, हा ठ आहे, आणि तो माझा आहे. मग तिनं सगळं सांगितलं. ए टॉवरमधला जिना, परका पोरगा, लपवून ठेवलेलं रडणं, आणि फरशी पुसणारी माउसी. सांगताना तिला ठाऊक असणार की तिची बाग आता गेली.

साहू तसेच उठून इंद्रजितकडं गेले. दुसऱ्या दिवशी इंद्रजितनी ग्रुपवर खुलासा लिहिला, आणि इंदूबाईला फोन करून म्हणाले, "मावशी, या कामावर. पण भिंतीवर काही काढायचं असेल तर आधी मला विचारत जा."

"व्हय साहेब," ती म्हणाली. तिला ते रास्त वाटलं.

बी टॉवरला मात्र दुसरी बाई दिली गेली होती. इंदूबाईला सी मिळाला. दुपारच्या सुट्टीत ती धावतपळत चौथ्या मजल्यावर गेली, तेव्हा साहू घरीच होते, रजा काढून. त्यांनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली.

"मौसी, माँ को गाँव भेज रहा हूँ," ते म्हणाले. "बड़े भाई के पास. यहाँ कुछ हो गया तो... मुझे तो पता भी नहीं था."

इंदूबाईनं म्हातारीकडं बघितलं. ती खुश आहे की दुःखी, हे तिला कळेना. म्हातारीनं तिच्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. गोल काढला नसता तर ही आणखी काही महिने राहिली असती. आणि एखाद्या दिवशी गेटबाहेर, हिंजवडीच्या रस्त्याला लागली असती. इंदूबाईनं दोन्ही बाजूंनी विचार केला. हिशेब लागेना तेव्हा तिनं तो सोडून दिला.

त्या दुपारी त्या फरशीवर बसल्या नाहीत. सून आली, तिनं भात आणि डाळ वाढली, आणि चौघं टेबलाशी बसून जेवले. इंदूबाईला खुर्चीवर बसून जेवायला अवघडल्यासारखं झालं, पण तिनं भात दोनदा घेतला. संक्रांतीनंतर एका पहाटे म्हातारी गेली. इंदूबाईची ड्यूटी सुरू व्हायच्या आत गाडी गेटबाहेर पडली होती.

सी टॉवरमध्ये तमिळ घरं दोन निघाली आणि एक मल्याळी. इंदूबाईनं पाट्या बघितल्या, पण पहिल्यासारखी थांबली नाही. वर्गाची परीक्षा झाली, ती पास झाली. आशालताबाईंनी सगळ्यांना पेढा दिला. विकी तिला लेणी बघायला नेतो म्हणत होता. नेलं नाही अजून.

उन्हाळ्यात एकदा साहू तिला सी टॉवरखाली गाठून म्हणाले, "मौसी, माँ बात करना चाहती है," आणि त्यांनी फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर म्हातारी होती, अंगणात, उन्हात. गावी गेल्यावर ती काळवंडली होती, आणि अंगानं भरली होती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग म्हातारीनं फोन फिरवला. पलीकडं खळं होतं, झोडलेल्या उन्हाळी भाताची रास पडली होती आणि दोन बायका सुपानं वारवत होत्या.

"धान," म्हातारीचा आवाज आला.

"व्हय, धान," इंदूबाई म्हणाली. "चांगलं पिकलंय. बारीक हाय का जाडं?"

साहूंनी विचारून सांगितलं, "मोटा है."

"हितं पन आमी आधी जाडंच खायचो," इंदूबाई म्हणाली. साहूंनी ते तिकडं सांगितलं. म्हातारी त्यावर बरंच काही बोलली, हातवारे करून, हसत. साहू ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले की एवढं सगळं त्यांनाही सांगता यायचं नाही, ती खाचराबद्दल काहीतरी बोलतेय.

"बोलू द्या," इंदूबाई म्हणाली, आणि बादली खाली ठेवली.